हौसाबाईचा डावा कान

१

हौसाबाई मढवीच्या बाराव्याला उपनिरीक्षक मृणाली तरे कशेळीला गेली, ती पंगतीला बसायला नव्हे. हौसाबाईचा चेहरा तिने एकदाच पाहिला होता, खाडीच्या बांधावर, चिखल पुसून काढल्यावर. त्या चेहऱ्यावरून बाई कशी होती ते काही कळत नव्हतं. आणि बाई कशी होती हे कळल्याशिवाय रघूला खुनी ठरवायला मृणालीचं मन धजत नव्हतं.

रघू कोठडीत होता. शहापूरकडचा कुणबी, मढव्यांच्या खाडीकाठच्या जागेवर झोपडी बांधून बायकोबरोबर राहायचा, शेजारच्या गोदामाची राखण करायचा आणि भरती बघून जाळं लावायचा. हौसाबाईला पाण्यातून त्यानेच काढलं होतं. लोक धावत आले तेव्हा तो चिंब भिजलेला होता आणि तिचं डोकं त्याच्या मांडीवर होतं.

"जाळं बघाय गेलतो," तो प्रत्येक वेळी तेच सांगायचा. "हौसाहौसाआय तिवराची फांदी धरून व्हती. बोटं सोडवून काढली मी. तवा जीव व्हता तिच्यात. बांधाच्या तोंडाशी पांढरी गाडी उभी व्हती, तिला लय हाका मारल्या. गाडी गेली निघून."

ती पांढरी गाडी दुसऱ्या कुणीच पाहिली नव्हती. पाहिलं होतं ते वेगळंच. हौसाबाईच्या दिराचा मुलगा दीपेश याने जबाब दिला होता की सकाळपासून आपण मानकोलीच्या ऑफिसात होतो. दुपार कलल्यावर परत येताना हमरस्त्यावरून जुन्या धक्क्याकडे नजर गेली, तर काकू आणि रघू हातवारे करून भांडत होते. काकू त्याला जागा खाली करायला सांगत होती, म्हणून. दीपेश गोदामांसाठी जमिनी जुळवून द्यायचा. त्याच्या शब्दाला गावात वजन होतं.

"साक्षीदार आहे, कारण आहे, भिजलेला माणूस आहे," मृणालीचे साहेब म्हणाले होते. "आता उगाच फाटे फोडू नका."

मढव्यांच्या ओटीवर माणसांची गर्दी होती. आतल्या खोलीत चौरंगावर हौसाबाईचा फोटो ठेवला होता, बारा बाय अठरा इंचांचा, झेंडूचा हार घातलेला. मृणाली हात जोडून पुढे झाली आणि जोडलेले हात तसेच राहिले.

फोटो फार सुंदर होता. अशा प्रसंगी घरात लागतो तो फोटो बहुधा कुठल्यातरी लग्नातून कापलेला, नाकडोळे विरघळलेला असतो. इथे कपाळावरची आठी न आठी दिसत होती. डोक्यावरच्या पदरातून सुटलेले पांढरे केस एकेक मोजता आले असते. हौसाबाई किंचित उजवीकडे वळून बघत होती, त्यामुळे डावा कान पुढे आला होता, आणि ती हसत होती. कुणासाठी तरी हसावं तशी.

मृणालीने वाकून कानाकडे पाहिलं. पाळीच्या मधोमध एक बारीक रेघ होती आणि रेघेच्या दोन्ही बाजूंना लाल टिपके, टाके नुकतेच काढल्यावर राहतात तसे.

हे टिपके तिने आधी पाहिले होते. बांधावर, चिखल पुसताना.

२

"फोटो छान मिळाला," मृणाली म्हणाली. "कधीचा?"

हौसाबाईचा मुलगा हरेश भिंतीला टेकून बसला होता. दाढी वाढलेली, डोळे सुजलेले. तो उत्तर देणार तोच दाराशी उभा असलेला दीपेश पुढे आला.

"माझ्या मेव्हण्याच्या लग्नातला आहे, मॅडम. गेल्या वर्षीचा. ग्रुप फोटो होता, त्यातून काकूचा चेहरा काढला आणि ॲपमध्ये टाकून साफ केला. हल्ली सगळं होतं." त्याने खिशातून फोन काढला. "हा दोनशे मेगापिक्सेलचा आहे. डोंगरावरचा माणूस ओळखू येतो. आमच्या पूर्वीकडे तिच्या मामाचा जुना कॅमेरा आहे, बाराच मेगापिक्सेल. गळ्यात अडकवून फिरते आपली. मी म्हटलं तिला, भंगारात दे तो."

हरेशची मुलगी पूर्वी कोपऱ्यात वाती वळत बसली होती. कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होती. तिने मान वर केली नाही.

"लग्नातला मूळ फोटो आहे का?" मृणालीने विचारलं.

"व्हॉट्सॲपवर आहे ना." दीपेशने तिथल्या तिथे तो तिच्या फोनवर पाठवला.

मृणालीने तो उघडला. मांडवात तीन रांगांत दाटीवाटीने माणसं, आणि मधल्या रांगेत हौसाबाई. पदर डाव्या कानावरून पुढे घेतलेला, तोंड डावीकडे वळलेलं, दिसत होता तो उजवा गाल. मृणालीने बोटांनी फोटो मोठा केला. चेहरा नखाएवढा झाला, मग रुपयाएवढा, आणि मग त्याच्या चौकटी-चौकटी झाल्या.

पोलीस भरतीच्या आधी मृणालीने भिवंडीत लग्नाचे अल्बम जुळवायचं काम केलं होतं. फोटो ताणला म्हणजे काय होतं हे तिला नीट ठाऊक होतं. तिने फोनकडे पाहिलं, मग चौरंगावरच्या हौसाबाईकडे.

"चेहरा इकडचा तिकडे केलात?" तिने सहज विचारल्यासारखं विचारलं.

"हो, फिरवला," दीपेश म्हणाला. "आरशासारखा."

हौसाबाईच्या नाकात फुली होती. लग्नातल्या फोटोत ती डाव्या नाकपुडीत होती. चौरंगावरच्या फोटोतही ती डावीकडेच होती; चेहरा फिरवला असता तर ती उजवीकडे गेली असती.

दीपेश खोटं बोलत होता एवढं नक्की झालं. पण मेलेल्या म्हातारीच्या फोटोवरून माणसाने खोटं का बोलावं?

३

फोटो छापला होता भिवंडीच्या निजामपुऱ्यात, केसरीनाथच्या लॅबमध्ये. दोन्ही बाजूंना कापडाच्या लूमचा खडखडाट; दुकानात बोलायचं तर आवाज चढवावा लागे. केसरीनाथ पन्नाशीचा, तोंडात सुपारी, आणि गिऱ्हाइकांवर कायमचा वैतागलेला.

"मढव्यांचा ना? आधी तो दीपेशशेठ व्हॉट्सॲपवरून पाठवत होता, लग्नातला. मी नको म्हटलं. त्याला वाटलं मी टाळतोय. म्हणून नमुना मारून एक प्रत हरेशभाऊच्या हाती दिली, एक इथे ठेवली." त्याने टेबलाखालून कागद काढला. त्यावर एक तपकिरी डाग होता, ज्याला नाक असावं असं वाटत होतं. "हे बघा. लोकांना वाटतं फोन दोनशेचा म्हणजे फोटो दोनशेचा. अरे बाबा, तू पाठवलास तेव्हाच त्यातला बहुतेक गाळून टाकला त्याने. राहिलं त्यात तीन रांगा माणसं. एका माणसाच्या वाट्याला काय येणार?"

"आणि हा दुसरा?"

"तो हरेशभाऊ पेन ड्राइव्हवर घेऊन आला. उघडला आणि मीच गप्प बसलो. काही करावंच लागलं नाही. लांबीला चार हजारांच्या वर ठिपके. म्हणजे बारा मेगापिक्सेल."

मृणालीने मनात भागाकार केला. अठरा इंचांच्या कागदावर इंचाला दोनशेहून जास्त ठिपके पडत होते, आणि हातभर अंतरावरून बघायला तेवढे पुरेसे होते. अख्ख्या फोटोत एकच चेहरा, काठोकाठ भरलेला. एकही ठिपका वाया गेलेला नाही.

"बाराच?" ती म्हणाली. "मग फोनचा नाही."

"तसं नाही म्हणता येणार. फोनवाले दोनशे म्हणतात, पण रोजच्या फोटोला बाराचाच करून ठेवतात. आकड्यावरून कळत नाही." त्याने हौसाबाईचा फोटो पडद्यावर उघडला आणि खांद्यावर बोट ठेवलं. "हे बघा. डोळे धारदार, कान धारदार. कानामागे पदर थोडा मऊ. खांदा त्याहून मऊ. हळूहळू विरत जातो. फोन मागचं सगळं कात्रीने कापल्यासारखं एकदम धूसर करतो, त्यात असले सुटे केस खाऊन टाकतो. इथे केस न केस आहे. काचेची मोठी लेन्स आहे ही."

"आणि ॲपमधून साफ केलेला असला तर?"

"ॲप अंदाजाने भरतं. गाल गुळगुळीत करतं, डोळ्यांत चमक टाकतं. पण टाक्यांचे टिपके कुठून आणणार? त्याला काय माहीत बाईला टाके घातले होते ते?"

फोटोत हौसाबाईच्या मागे जे काही होतं ते आधीच पुसून करडं केलेलं आलं होतं. फाइलमध्ये नोंदलेलं कॅमेऱ्याचं नाव, तारीख, काहीच राहिलं नव्हतं. मृणाली बाहेर पडली तेव्हा तिच्या हातात दोनच गोष्टी होत्या: हा फोटो लग्नातला नव्हता, आणि तो टाके निघाल्यावर काढलेला होता.

आता टाके कधी निघाले?

४

मृणाली कशेळीला परतली तेव्हा हौसाबाईची सून, हरेशची बायको रूपा मागच्या दारी भांडी विसळत होती. तिने मृणालीला पाट दिला आणि हात पुसत समोर बसली.

"कान ना?" ती म्हणाली, आणि पहिल्यांदाच जराशी हसली. "माझ्या लग्नाच्याही आधी फाटला होता. कानात सोन्याच्या जड गाठ्या घालून घालून. आईंना त्याची फार लाज. फोटो काढायचा म्हटलं की पदर पुढे, नाहीतर तोंड फिरवायच्या. पूर्वी त्यांच्या मागे लागली होती, आजी, शिवून घेऊ, सोपं असतं. शेवटी ऐकलं. मीच नेलं डॉक्टरांकडे."

"आणि टाके काढायला?"

"तेही मीच." रूपाने पदराने हात पुन्हा पुसले. "त्याच दिवशी, मॅडम. सकाळी अंजूरफाट्याला गेलो, टाके काढले. येताना रिक्षात सारख्या कानाला हात लावत होत्या. घरी आलो, जेवलो. मी जरा पडले. उठले तर आई नव्हत्या. मला वाटलं शेजारी गेल्या असतील."

जेवण ते मरण, यामध्ये फक्त एक दुपार होती, आणि त्या दुपारी कुणीतरी हौसाबाईसमोर कॅमेरा धरून उभं होतं. जी बाई उभ्या जन्मात डावा कान लपवत आली, तिने तो आपण होऊन पुढे केला होता. हसून. हे रघूसाठी नव्हतं. रघूकडे बटणांचा फोन होता. पण तिथे जो कोणी होता त्याने आजवर तोंड उघडलं नव्हतं, आणि दीपेशच्या जबाबात त्याचा पत्ताच नव्हता.

"वहिनी, एक विचारू? आईंनी रघूला जागा सोडायला सांगितली होती?"

रूपाने ओटीकडे एक नजर टाकली. माणसं पांगली होती. "आईंनी? आई उलट म्हणायच्या, मी आहे तोवर ह्याला कुणी उठवायचं नाही. ह्यांचं आणि दीपेशभाऊजींचं गोदामाला जागा द्यायचं तिथेच तर अडलं होतं. सही आईंचीच लागायची ना."

५

दीपेशला तिने ओटीवरच गाठलं. हरेश तिथेच बसला होता. तो असावा असंच तिला वाटत होतं.

"तो फोटो लग्नातला नाही," ती म्हणाली. "कानाला टाके घातल्यानंतरचा आहे."

दीपेशने हरेशकडे पाहिलं, मग तिच्याकडे. तो गोंधळला, पण फार वेळ नाही.

"असेल, मॅडम. घरात एवढं झालंय, डोकं ठिकाणावर नाही. मीच काढला असणार माझ्या फोनवर. दोनशेचा आहे, म्हटलं ना."

"कधी?"

"टाके काढून आली तेव्हा. इथेच, घरी."

"टाके ती गेली त्याच दिवशी निघाले. वहिनी आणि त्या जेवायच्या वेळेला परत आल्या. तुम्ही जबाबात म्हणता, सकाळपासून मानकोलीला होतात आणि दुपार कलल्यावर निघालात, मधे घरी आलाच नाहीत. मग फोटो कधी काढलात?"

दीपेशने हातातला फोन खिशात टाकला.

"बरं, तो फोनचा नाहीच," मृणाली पुढे म्हणाली. "लेन्सवाल्या कॅमेऱ्याचा आहे. बारा मेगापिक्सेलच्या. त्या कॅमेऱ्याबद्दल मला तुमच्याच तोंडून कळलं."

हरेशने मान वर केली. त्याच्या चेहऱ्यावरचा रंग हळूहळू उतरत गेला.

"पेन ड्राइव्ह तुम्ही दिलात लॅबमध्ये, हरेशभाऊ. तुम्हाला कुणी दिला?"

"पूर्वीने," तो पुटपुटला. "म्हणाली, दीपेशकाकाने साफ करून दिलाय. मी विचारलं नाही काही. फोटो बघितला आणि मला रडूच आलं."

"तिला यात ओढू नका," दीपेश म्हणाला. आवाज हलका होता, पण त्यात धमकी होती. "पोर आहे ती. तिचं नाव आलं तर आयुष्य जाईल तिचं. हरेश, सांग ना यांना."

हरेश आपल्या चुलतभावाकडे बघत राहिला, जणू अनोळखी माणूस घरात शिरला होता.

मृणाली जिना चढून गच्चीवर गेली.

६

पूर्वी गच्चीच्या कठड्याला पाठ लावून जमिनीवर बसली होती. खाली हमरस्त्यावर ट्रेलरची रांग लागली होती आणि हॉर्नचा गोंगाट वर येत होता. मृणाली तिच्या शेजारी बसली. वर्दीचा पट्टा पोटात रुतत होता. तिने तो सैल केला.

"आजी तुझ्याकडे बघून हसली आहे," ती म्हणाली. "मी त्यांना जिवंत कधी पाहिलं नाही. त्या फोटोमुळे कळलं, कशा होत्या ते."

पूर्वीला रडू फुटलं नाही, उलट तिचा आवाज कोरडा झाला.

"ती झोपलीच नाही त्या दिवशी. मला उठवलं. म्हणाली, चल, आता कान नीट झालाय, काढ माझा फोटो. पुढे भिंतीवर लावायचा तो. मी म्हटलं, घरात काढू. तर नको. मागं खाडी दिसू दे म्हणाली, जल्म तिथंच गेला माझा."

ती थांबली. तिने डोकं कठड्याला टेकलं.

"धक्क्यावर गेलो. भरती होती. हा फोटो आधी काढला, जवळून. मग तिला अख्खी खाडी हवी होती मागे. मी कॅमेऱ्यातून बघत होते. मी म्हटलं, आजी, एक पाऊल मागे घे." पूर्वीने दोन्ही तळवे डोळ्यांवर दाबले. "मी म्हटलं. तिथे शेवाळ होतं, मला दिसलंच नाही. कॅमेऱ्यात फक्त तिचा चेहरा होता."

"मग?"

"मला पोहता येत नाही. ओरडले, कोणी नव्हतं. बांधावरून पळत सुटले. तोंडाशी काकाची गाडी उभी होती, तो जागा बघायला आला होता. मी सांगितलं. त्याने मला गाडीत बसवलं, म्हणाला मी बघतो. गेला आणि लगेच परत आला. म्हणाला, गेली, आता काही उपयोग नाही. तू इथे नव्हतीसच. कुणाला कळलं तर तू आजीला ढकललंस म्हणतील, बाबांना तोंड दाखवता येणार नाही. मला काही सुचत नव्हतं. मी हो म्हटलं."

"आणि रघूला धरल्यावर?"

"मी काकाला म्हटलं, त्याने काही केलं नाही. तो म्हणाला, सुटेल तो, पुरावा कुठे आहे. तू फक्त गप्प बस." पूर्वीने नाक ओढलं. "फोटो मी द्यायला नको होता. पण तो लग्नातला नमुना बाबांनी घरी आणला, आणि त्यात आजी नव्हतीच. नुसता डाग. बाबा तो कागद हातात धरून बसले होते. मग मी मागची खाडी पुसली आणि दिला. काका फार चिडला. पण तोवर छापून आला होता."

सगळं जुळत होतं. आता एकच प्रश्न राहिला होता, आणि तो विचारायला मृणालीची जीभ रेटेना. विचारला नाही तर रघूच्या बोलण्याला आधार नव्हता. विचारला तर ह्या मुलीला एक गोष्ट कळणार होती, जी पुन्हा विसरता येणार नव्हती.

"पूर्वी, गाडीत असताना तुला काही ऐकू आलं?"

"हो. आम्ही निघत होतो तेव्हा. कुणीतरी हाका मारत होतं. खूप मोठ्याने. मी काकाला विचारलं, तर म्हणाला मासेवाले असतील. त्याने काच वर केली आणि गाणी लावली."

बोलता बोलता तिचा आवाज मंद होत गेला. तिने मृणालीकडे वळून पाहिलं.

"कोण हाका मारत होतं?"

"रघू."

"कशासाठी?"

मृणालीने नजर चुकवली नाही. "दवाखान्यात न्यायला गाडी हवी होती त्याला."

पूर्वीने हे ऐकलं आणि ती एकदम शांत झाली. अशी शांत की मृणालीने तिचा हात घट्ट धरून ठेवला आणि खाली रूपाला हाक मारली.

७

त्याच संध्याकाळी पूर्वीने जबाब दिला. हरेश तिच्यासोबत ठाण्यात आला, तिच्या बाजूला बसला, आणि मुलगी बोलत असताना एकदाही मध्ये पडला नाही. कॅमेऱ्याचं कार्डही तिनेच आणून दिलं. त्यात तो फोटो होता, मागे खाडीसकट, आणि त्यानंतरचे दोन, पाऊल मागे घेतानाचे. मृणालीने ते हरेशला दाखवले नाहीत.

दीपेश सुरुवातीला पोरीची मनःस्थिती बरी नाही म्हणत राहिला. मग म्हणाला, बांधापर्यंत गेलोच नाही. मग म्हणाला, गेलो होतो, पण उशीर झाला होता.

"तुम्ही काय पाहिलंत?" मृणालीने विचारलं.

"काही नाही. पाणी. हात दिसत होता नुसता."

"हाताने काय धरलं होतं?"

दीपेशने टेबलावरचा पाण्याचा ग्लास उचलला आणि न पिता पुन्हा ठेवला. त्यानंतर तो वकील आल्याशिवाय एक शब्दही बोलला नाही. पण त्या गप्प राहण्यात मृणालीला उत्तर मिळालं होतं. त्याने काकूला ढकललं नव्हतं. त्याने फक्त पाहिलं होतं की फांदी किती वेळ टिकेल हे सांगता येत नाही, आणि ती सुटली तर सही मागायला कुणी उरत नाही. पुढे रघू पाण्यात उतरल्याचं कळलं तेव्हा त्याच्यावर आळ घालून झोपडीचाही प्रश्न त्याने मिटवून टाकला होता.

कोर्टात त्याचं काय होईल हे मृणालीला सांगता येत नव्हतं. खोट्या जबाबाचं कलम लागेल, आणखीही एखादं. पण हात दिसला आणि माणूस माघारी फिरला, याला नेमकं काय म्हणायचं, यावर वकील बराच काळ भांडत बसणार होते. साहेबांनी कागद वाचून नुसतं "ठीक आहे" म्हटलं.

रघू सुटला तेव्हा मृणालीने त्याला जीपमधून झोपडीपर्यंत सोडलं. त्याची बायको ठकुबाई दारात उभी होती. तिने नवऱ्याच्या सुजलेल्या मनगटाला हात लावून पाहिलं, जीपकडे एकदा बघितलं आणि आत निघून गेली. चहाचं विचारलं नाही. मृणालीला त्यात काही गैर वाटलं नाही.

ती वळणार तोच बांधावरून पूर्वी येताना दिसली. एकटीच. झोपडीपासून थोडं लांब ती थांबली. रघू दगडावर बसून पाय चोळत होता.

"काका," ती म्हणाली. दीपेशला म्हणायची तोच शब्द. तो तोंडातून बाहेर पडताना ती जराशी अडखळली. "मी तिथे होते. मी सांगितलं नाही."

"ठावं हाय," रघू म्हणाला. "म्याडमनी सांगितलं मना."

आतून ठकुबाईचा आवाज आला. "आता कशाला आली ती हितं? तिला म्हणावं जा घरी."

पूर्वी गेली नाही. ती आणखी जवळ आली.

"आजी काही बोलली का?"

मृणाली जीपपाशी उभी राहून ऐकत होती. एखादा माणूस इथे दोन गोड शब्द रचून सांगेल, असं तिला वाटलं. आणि रघूने ते सांगावेत असंही वाटून गेलं.

रघूने आठवून पाहिलं. "न्हाय," तो म्हणाला. "बोलाय तिला जमत नव्हतं. पर मना वळखलं तिनं. माझ्या दंडाला धरून व्हती. मंग हात ढिला पडला."

पूर्वीने मान हलवली. रघू दगडाच्या एका कडेला सरकला.

"बस जरा," तो म्हणाला.

ती बसली. दोघं खाडीकडे तोंड करून बसून राहिली. थोड्या वेळाने ठकुबाई बाहेर आली, पाण्याचा तांब्या दोघांच्या मधे ठेवला आणि परत आत गेली.